घरातला ‘डॉल्बी’ आणि आजीचे कान

आपल्याकडे ‘डॉल्बी’ हा शब्द नुसता उच्चारला तरी डोळ्यांसमोर उभी राहते ती मिरवणुकीच्या ट्रकवर रचलेली खोक्यांची भिंत. वास्तविक रे डॉल्बी हे एका अमेरिकी अभियंत्याचे नाव. संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून हा गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात भारतात होता. त्यानंतर लंडनमध्ये त्याने जी प्रयोगशाळा काढली, तिचे पहिले मोठे काम कोणते? तर ध्वनिफितीवरील खरखर कमी करणे! ज्याने गोंगाट घालवण्यात उमेद खर्च केली, त्याचेच नाव आपण गोंगाटाला देऊन टाकले. असो.

आता हा डॉल्बी रस्त्यावरून दिवाणखान्यात आला आहे. ‘पाच पॉइंट एक’, ‘सात पॉइंट एक’ ही परवलीची भाषा आपल्या वसतिगृहातही ऐकू येते. पाच म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, व बाजूचे दोन. आणि ‘पॉइंट एक’ म्हणजे केवळ खर्जाचे आवाज काढणारा सब-वूफर. ज्याच्या घरी जास्त खोकी, त्याचे घर जास्त पुढारलेले, अशी एक समजूत रूढ होत आहे. या हौसेला माझा विरोध नाही. घरात चित्रपट चांगला ऐकू यावा असे वाटणे हे रसिकतेचेच लक्षण आहे. परंतु अशी यंत्रणा निवडताना आणि मांडताना कसोटी एकच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे : घरातील सर्वांत थकलेल्या कानाला पडद्यावरचे बोलणे कळते की नाही?

आमच्या घरी तो कान आजीचा आहे. आजी नाटकवेडी. तरुणपणी शेवटच्या रांगेत बसून पाहिलेल्या नाटकांतले संवाद तिला अजून मुखोद्गत आहेत. पण अलीकडे दूरदर्शन संचावर चित्रपट लागला की ती उठून स्वयंपाकघरात जाते. विचारले तर म्हणते, “बोलतात खरे, पण काय बोलतात ते कळत नाही. आणि मध्येच मोटार उडते.” आवाज वाढवला तर मोटार अधिक जोराने उडते, संवाद होता तिथेच राहतो. याचे कारण असे, की वयाबरोबर कानाची वरच्या पट्टीतील आवाज टिपण्याची शक्ती आधी कमी होते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. पण ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते. त्यामुळे साप, शाप आणि ताप हे तिन्ही शब्द आजीला सारखेच ऐकू येतात. आणि शब्दच कळेनासा झाला, की माणूस हळूच त्या बैठकीतून उठून जातो. घरातले एक माणूस असे कमी होणे मला लहान गोष्ट वाटत नाही.

चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात बोलणे बहुतांशी मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असते. पाचांपैकी खरा मानकरी तोच. गंमत म्हणजे दुकानात त्याच्याकडे कोणी बघत नाही. सगळ्यांची नजर पाठीमागच्या दोन खोक्यांवर, कारण हेलिकॉप्टर तिथून येते! ब्रिटनमधील ॲलन ब्लमलाइन याने १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टीरिओ, ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यामागची हकीगत अशी सांगतात, की चित्रपटगृहात पडद्यावरचा नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले होते. म्हणजे या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी ‘बोलणाऱ्याच्या तोंडातून बोलणे यावे’ एवढीच इच्छा होती. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातील वाद्यवृंद दूरध्वनीच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन वाहिन्यांतून : डावी, मधली, उजवी.

मधली कशाला हवी? दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसलेल्या माणसाला आवाज मधूनच आल्याचा भास होतो, हे खरे. पण तो भास एका खुर्चीपुरता. जरा डावीकडे सरका. डाव्या स्पीकरचा आवाज कानाशी आधी पोहोचतो आणि नट डाव्या खोक्यात जाऊन बसतो. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, आणि एवढा फरकही कानाला पुरतो. म्हणून मी म्हणतो, एकट्यासाठी दोन पुरेत, कुटुंबाला तीन हवेत. आपल्याकडे कोण एकटा चित्रपट पाहतो? आजी आरामखुर्चीत, बाबा दिवाणावर, आम्ही भावंडे सतरंजीवर आणि शेजारची पोरे उंबऱ्यात.

तेव्हा पैसे थोडे असतील तर समोरचे तीन चांगले घ्यावेत, आणि ते एकाच जातकुळीचे; नाहीतर चालता चालता नटाचा आवाज बदलतो. मधला शोकेसच्या खणात खोल ढकलू नये. कडेपर्यंत पुढे ओढून, तोंड किंचित वर करून, बसलेल्यांच्या कानांकडे रोखावा. छताजवळ टांगलेला दूरदर्शन संच ही आपल्या घरांतील एक विचित्र प्रथा आहे; तिथे आवाजही डोक्यावरून जातो. डावा-उजवा मधल्यापासून सुमारे तीस-तीस अंशांवर असावेत, म्हणजे श्रोता आणि ते दोघे मिळून समभुज त्रिकोण होतो. बाजूचे दोन सुमारे शंभर ते एकशेवीस अंशांवर, अर्थात खांद्याच्या जरा मागे, कानापेक्षा थोडे उंच. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ते बाजूच्या भिंतींवर चालतील. जागाच नसेल तर खुशाल वगळावेत. त्यांच्यावाचून चित्रपट अडत नाही.

वॅटच्या आकड्यांविषयी काय बोलावे! स्वस्त खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारोंचे आकडे छापलेले मी पाहिले आहेत. तो क्षणार्धाच्या शिखराचा फुगवलेला हिशेब. सतत मिळणारी शक्ती पाहायची तर ‘आरएमएस’चा आकडा विचारावा. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ तीन डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत बोलणे ऐकायला एखादा वॅटही पुष्कळ होतो.

त्या खोलीकडेच आधी बघायला हवे, पण ते कोणालाच सुचत नाही. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेचे कपाट : मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे खणखणाट उमटला, तर तुमचे संवादही तसेच एकमेकांत मिसळणार. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेली मांडणी, दिवाणावरची गोधडी यांनी जे काम होते ते महाग तारांनी होत नाही. (कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना पुस्तके भिंतभर ठेवायला हे एक शास्त्रीय निमित्त मिळाले!) दहा बाय दहाची चौकोनी खोली तर खर्जाला फार वाईट. लांबी-रुंदी सारखीच असल्याने छप्पन्न-सत्तावन्न हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन्ही दिशांनी घुमतो आणि बाकीचे झाकून टाकतो.

सब-वूफरची जागा शोधण्याची एक नामी युक्ती आहे. तो उचलून आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, खर्जाचे एखादे गाणे लावायचे आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचे. जिथे खर्ज सर्वांत नितळ व सारखा ऐकू येईल तिथे त्याला बसवायचे. रांगणे शोभत नाही खरे, पण ही रीत उत्तम चालते. मात्र शेजाऱ्याच्या भिंतीला तो टेकवू नये. भिंत वरच्या पट्टीतले आवाज बरेच अडवते, खर्जाला ती पुरी पडत नाही. मग शेजाऱ्याच्या वाट्याला संवाद नाही, गाणे नाही, नुसती धपधप येते. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबलची आहे. बहुतेक यंत्रांत रात्रीसाठी एक सोय असते, ती मोठे आवाज दाबते आणि लहान वर उचलते. आजीसाठी ती मी दिवसाही लावून ठेवावी म्हणतो. शिवाय मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने चढवता येते. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली तर मुरडोत.

आणखी एक. १९३६ चा ‘संत तुकाराम’ एकाच वाहिनीत मुद्रित झाला आहे. त्याला कृत्रिमपणे पाच खोक्यांत पसरवण्याचे बटण काही यंत्रांत असते. कृपा करून ते दाबू नये. मैफलीतही गवई समोर असतो, तंबोरे त्याच्या मागे. आपल्या पाठीमागून येते ती फक्त रसिकांची दाद. पाठीमागच्या स्पीकरांचे इतकेच काम असावे, असे मला वाटते.

खरेदीला निघाल तर दुकानदार हमखास स्फोटांचा प्रसंग लावून दाखवील. त्याला तो बंद करायला सांगावे. भराभर बोलल्या जाणाऱ्या एखाद्या मराठी नाटकाचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे, आवाज घरी ठेवाल तेवढाच ठेवायला लावावा, आणि आजीला खुर्ची मागून घ्यावी. ती मधल्या जागेवर नव्हे, कडेला ठेवावी.