आईसाठी ‘चाय’ मागा



व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाल्यापासून आपल्या ग्रुपवर हालाँग बेचे फोटो वाढलेत. त्याबरोबर एक प्रश्नही हमखास येतो, “तिकडे आईबाबा खाणार काय?” यावर ठरलेलं उत्तर म्हणजे थेपले, चिवडा आणि रोज रात्री इंडियन रेस्टॉरंट. घरचं नेण्यात काही वावगं नाही. पण अख्खं कुटुंब एवढ्या लांब जाऊन तिथलं काहीच न खाता परत येतं, याची हळहळ वाटते. म्हणून यावेळी तिथल्या साध्या घरगुती खाणावळीबद्दल, म्हणजे ‘क्वान’बद्दल.

क्वानमध्ये फार थाट नसतो. टेबलावर चॉपस्टिक आणि चमच्यांचा डबा, मिरच्या, लिंबाच्या फोडी आणि पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, कोथिंबीर यांनी भरलेली ताटली. पोरांनी आवाज केला तरी कोणी वळून बघत नाही. रस्त्याकडेच्या क्वानमध्ये प्लास्टिकची अगदी बुटकी स्टुलं असतात, तेव्हा गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर नेहमीच्या उंचीच्या टेबल-खुर्च्या असलेलं ठिकाण बघा.

तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘फो’. उच्चार मात्र ‘फ’ला जरा लांबवून, प्रश्न विचारल्यासारखा. हाडं तासन्‌तास उकळून केलेलं पातळ सूप, त्यात तांदळाच्या नूडल्स. वास आपल्या ओळखीचा, कारण आत चक्रीफूल, दालचिनी आणि लवंग असते. मागवताना दोन शब्द लक्षात ठेवा. ‘बो’ म्हणजे गोमांस, ‘गा’ म्हणजे कोंबडी. आपल्यातल्या बऱ्याच घरांत हा फरक फार मोठा आहे.

दुसरा पदार्थ ‘बान्ह सेओ’. तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचं दूध यांचं पातळ, कुरकुरीत घावन. तव्यावर पीठ पडताना जो चर्र आवाज होतो, त्यावरून त्याला ‘सेओ’ म्हणतात. पिवळा रंग हळदीचा, अंड्याचा नाही. आत मात्र बहुतेक वेळा कोलंबी आणि डुकराचं मांस असतं. तुकडा तोडायचा, पानात गुंडाळायचा आणि आंबटगोड सॉसमध्ये बुडवून खायचा. हातानं खायचं असल्यामुळे मुलं खूश.

खरी अडचण त्या सॉसपाशी येते. तो ‘नुओक माम’पासून करतात. छोटे मासे मिठात कित्येक महिने मुरवून काढलेला हा रस तिथल्या स्वयंपाकात जवळजवळ सगळीकडे असतो. त्यामुळे मेनूत नुसतं ‘तोफू’ किंवा ‘पालेभाजी’ लिहिलंय म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही.

इथे आपल्या वयाची मंडळी एक सोपी वाट काढतात: “थोडासाच तर असतो, आईला कळणार पण नाही.” मला हे पटत नाही. जिनं आयुष्यभर एक नियम पाळला, तिला तो आपण परस्पर मोडायला लावायचा, आणि वर तिनं “छान आहे हो” म्हटलं की एकमेकांकडे बघून हसायचं? नियम तिचा आहे. तो ठेवायचा की सोडायचा, हे तिनं ठरवावं. आपलं काम फक्त विचारून खरं काय ते सांगण्याचं.

आणि विचारायला लाजायचं कारणच नाही, कारण याच्यासाठी त्यांच्याकडे स्वतःचा शब्द आहे: ‘चाय’. इंदूर-ग्वाल्हेरकडे चहाला म्हणतात, जवळपास तसाच उच्चार. (चहा हवा असेल तर ‘त्रा’ म्हणा!) चाय म्हणजे बौद्ध परंपरेतला शाकाहार. तिथले अनेक लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांस-मासे खात नाहीत. काटेकोर पाळणारे तर कांदा-लसूणही वर्ज्य करतात. चातुर्मास पाळणाऱ्या आजीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे पाटीवर सी-एच-ए-वाय ही चार अक्षरं आपल्यालाही ओळखता येतात. ‘क्वान चाय’ दिसलं की आत शिरा. तिथे फो मिळतो तो भाज्या आणि मशरूमच्या पाण्यातला, आणि सॉसही माशाशिवायचा. एक सूचना मात्र आईला आधीच देऊन ठेवा: सोयाचे काही पदार्थ दिसायला हुबेहूब कोलंबी किंवा मांसासारखे असतात. नाहीतर ताट समोर येताच ती उठायची!

माझा सल्ला असा, की सहलीतलं किमान एक जेवण सगळ्यांनी मिळून क्वान चायमध्ये घ्या. एरवी आई कोपऱ्यात दही-भात शोधत बसते आणि बाकीचे जेवतात. इथे तीच मेनू हातात घेऊन मुलांसाठी काय मागवायचं ते ठरवू शकते.

व्हिएतनामच्या उत्तर भागात अनेक घरांत जेवण सुरू करण्याआधी लहानांनी आजी-आजोबांपासून एकेका मोठ्याला ‘जेवा’ म्हणायची पद्धत आहे. मोठ्यांनी घास घेतल्यावर मग लहानांनी. अशा देशात आईच्या ताटात काय आहे, याची चौकशी करणारा मुलगा कोणाला विचित्र वाटणार नाही.

तुमच्यापैकी कोणी आई-आजीला घेऊन जाऊन आलं असेल, तर त्यांना काय आवडलं ते जरूर कळवा.