‘राहिले’ आणि ‘राहते आहे’

गेल्या दिवाळी अंकात या सदरात आपण इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’शी झटापट केली होती. यंदा पाळी क्रियापदाची. निमित्त घरातलंच आहे.

इथल्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली, म्हणून मी अर्ज लिहायला बसले. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, ‘आय हॅव टॉट इंग्लिश इन पुणे फॉर फोर इयर्स.’ शेजारी सहावीतली लेक गृहपाठ करत होती. तिने वाकून वाचलं.

“आई, तू अजून शिकवतेस?”

“नाही गं. तू व्हायच्या आधी पुण्यात शिकवत होते ना!”

“मग ‘हॅव’ कशाला?”

चार वर्षं हेच काळ मी फळ्यावर शिकवले होते. आधी राग आला, मग हसू. तिचं बरोबर होतं.

माझी चूक कुठे झाली? ‘मी पुण्यात चार वर्षं शिकवलं आहे’ हे मराठी वाक्य मी डोक्यात धरलं आणि शब्दाला शब्द ठेवला. शाळेत आपण याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतो आणि ‘हॅव’ अधिक क्रियापदाचं तिसरं रूप म्हणजे तोच काळ, असं पाठ करतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आलं, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्यामुळे दोन्हीकडच्या काळांची नावं जुळतात. वापर मात्र प्रत्येक वेळी जुळतोच असं नाही.

‘मी पुण्यात चार वर्षं राहिले आहे’ असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला कळतं की आता ही पुण्यात नाही. तेच इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फोर इयर्स’ म्हटलं, तर तो समजतो की ही अजून पुण्यातच आहे! राहणं संपलं असेल तर इंग्रजीत साधा भूतकाळ हवा, ‘आय लिव्ह्ड’.

आता उलट बाजू. ‘मी अकरा वर्षांपासून शारजात राहते आहे’ हे आपलं अगदी शुद्ध मराठी. त्याचं आपण सरळ भाषांतर करतो, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन शारजा सिन्स इलेव्हन इयर्स.’ मंडळाच्या कार्यक्रमांत, बँकेत, पालकसभेत हे वाक्य मी कितीदा ऐकलंय, स्वतः बोललेही आहे. यात दोन चुका आहेत. जे पूर्वी सुरू झालं आणि अजून चालू आहे, ते सांगायला इंग्रजीला ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. दुसरी चूक ‘पासून’ची. आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, ‘२०१४ पासून’ आणि ‘अकरा वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर ‘सिन्स २०१४’ आणि मुदत सांगायची तर ‘फॉर इलेव्हन इयर्स’.

तिसरी गफलत ‘काल’ची. ‘मी हा सिनेमा काल पाहिला आहे’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत मात्र ‘यस्टर्डे’ किंवा ‘लास्ट इयर’ असा संपलेला वेळ सांगितला, की ‘हॅव’ काढून टाकायचं. ‘आय सॉ इट यस्टर्डे’ एवढंच पुरे.

मुलांचा अभ्यास घेताना म्हणून मी आता मराठी वाक्याचं भाषांतर करून घेत नाही. दोनच प्रश्न विचारते. हे अजून चालू आहे का? आणि कधी झालं ते सांगितलंय का? चालू असेल तर ‘हॅव’, वेळ संपलेली असेल तर साधा भूतकाळ. सगळी गुंतागुंत यात मावत नाही, पण गृहपाठातली बरीच वाक्यं सुटतात.

अर्जात मी ‘हॅव’ खोडलं आणि ‘आय टॉट’ लिहिलं. एक शब्द काढायचा होता, पण हात जरा अडखळला. ‘हॅव’ होतं तोवर मी शिक्षिका होते. ते गेल्यावर मधली अकरा वर्षं एकदम समोर आली. इथे व्हिसाचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण करताना, मुलीचे डबे भरताना, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणताना ती गेली होती. माझ्यासारख्या कितीजणी आपल्या मंडळात असतील!

मुलाखतीत पहिला प्रश्न या मधल्या वर्षांचाच आला. मी सरळ सांगितलं, ‘आय टॉट फॉर फोर इयर्स. आय हॅव नॉट टॉट सिन्स २०१४.’ समोरच्या बाईंनी मान डोलावली आणि टिपून घेतलं. उत्तर अजून आलेलं नाही.

लेकीला मात्र मी त्या दिवशी दोन चकल्या जास्त दिल्या. सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!