विश्लेषण : जुनी छोटी गाडी महिन्याभरात गॅरेजमध्ये, दाद कोणाकडे मागायची?

पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर या पट्ट्यात नव्याने राहायला आलेल्या अनेक कुटुंबांची पहिली गाडी ‘सेकंड हॅण्ड’ असते. बजेट तीन-चार लाखांचे, गरज छोट्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीची. चाचणी फेरीत गाडी छान चालते, बोलणी होतात, पैसे दिले जातात. मग पहिल्याच घाटात इंजिन तापते, क्लच घसरतो किंवा पहिल्या पावसात डॅशबोर्डवर दिवे लागतात. विक्रेता सांगतो, ‘गाडी बघूनच घेतली होती ना?’ या उत्तराने विषय खरेच संपतो का? कायदा काय सांगतो आणि गाडी घेण्यापूर्वी काय तपासता येते, याविषयी...

जुन्या छोट्या गाड्यांना मागणी किती?

देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात ४३ लाखांहून अधिक नवी प्रवासी वाहने विकली गेली. जुन्या गाड्यांचे व्यवहार त्याहून अधिक होतात, असा वाहन उद्योगाचा अंदाज आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील कर घटला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. आता १८ टक्के जीएसटी आहे. नवी गाडी स्वस्त झाली की त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा भावही उतरायला हवा. त्यामुळे जुना दर धरून बसलेल्या विक्रेत्याशी घासाघीस करायला आज ग्राहकाला वाव आहे.

विक्रेता जीएसटी नोंदणीकृत असेल, तर तो जुन्या गाडीवर १८ टक्के कर भरतो. मात्र हा कर पूर्ण किमतीवर नसून त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या फरकावर असतो. पूर्वी छोट्या गाड्यांसाठी हा दर १२ टक्के होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील जीएसटी परिषदेच्या बैठकीत तो वाढवण्याचा निर्णय झाला. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर हा कर लागत नाही. ‘जीएसटी धरून’ म्हणत कोणी पूर्ण किमतीवर १८ टक्के मागत असेल, तर ते चूक आहे.

नेहमीच्या तक्रारी कोणत्या?

बहुतेक तक्रारी क्लच, सस्पेन्शन, एसी, कूलिंग आणि इलेक्ट्रिकल कामांच्या असतात. रोज सायन-पनवेल महामार्गाच्या कोंडीत चाललेल्या गाडीचा क्लच तेवढ्याच किलोमीटरच्या पण मोकळ्या रस्त्यावर धावलेल्या गाडीपेक्षा लवकर झिजतो. किलोमीटरचा आकडा हे सांगत नाही. एएमटी गाडीत क्लच आणि गिअर हलवणारा ॲक्च्युएटर बिघडला, तर खर्च साध्या क्लचच्या कामाहून बराच वाढतो. बीएस-६ डिझेल गाडी केवळ स्टेशन ते घर एवढीच फिरली असेल, तर धुरातील काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर वेगात चालवावी लागते.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. जनरल मोटर्सने २०१७ अखेरीस भारतात शेव्रोले गाड्यांची विक्री थांबवली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. बीट, फिगो अशा त्यांच्या छोट्या गाड्या बाजारात स्वस्तात दिसतात, त्यामागे हे कारण आहे. अशी गाडी वाईटच असते असे नाही. पण तिचे काम करणारे गॅरेज आणि भाग मिळणारे दुकान आधी शोधावे, मग गाडी.

पनवेल परिसरात वेगळे काय पाहावे?

तीन गोष्टी. पहिली, पाणी. पावसाळ्यात गाढी नदीकाठच्या आणि खाडीलगतच्या सखल भागांत पाणी भरते. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. पण सीटखालच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालची माती, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारा चिखलाचा डाग आणि बंद गाडीतला कुबट वास लपत नाही. वायरिंगच्या जोडांत ओल शिरली असेल, तर बिघाड काही महिन्यांनीही डोके वर काढतो.

दुसरी, खारी हवा. गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात. तिसरी, घाट. कळंबोलीहून द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि खंडाळ्याचा चढ फार दूर नाही. सपाट रस्त्यावरच्या दहा मिनिटांच्या फेरीत जे कळत नाही, ते एसी लावून चढावर पंधरा-वीस मिनिटे चालवल्यावर कळते. इंजिन थंड असताना ते सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन अनेक दोष झाकते.

गाडी सीएनजीवर असेल, तर किटची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र हवे. नोंद नसलेल्या किटमुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

मीटरवरच्या आकड्यावर किती विसंबावे?

एकट्या आकड्यावर अजिबात नाही. डिजिटल मीटरही मागे फिरवता येते. पडताळणीचे मार्ग मात्र आहेत : अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी, जुनी बिले, पीयूसीच्या तारखा, टायरवरील निर्मितीचा आठवडा. ३० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे पेडल रबर आणि स्टीअरिंग गुळगुळीत झाले असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा. गॅरेजमधील स्कॅनर लावला, तर इंजिनातील दोषांचे कोड दिसतात. ते नुकतेच पुसले असतील, तर गाडीच्या अंतर्गत चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. हीसुद्धा एक खूण आहे.

गाडी पूर्वी टॅक्सी होती का, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, कितवा मालक आहे, हे ‘वाहन’ पोर्टलवर आणि आरटीओच्या तपशील उताऱ्यात तपासता येते. थकीत ई-चलानही आधीच पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावली आहे का, हेही पाहावे. ती नसल्यास आरटीओतील कामे अडू शकतात.

कंपनीनेच मान्य केलेला दोष असेल तर?

हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एखाद्या भागात निर्मितीचाच दोष आढळला, तर कंपनी त्या काळात बनलेल्या गाड्या परत बोलावते, म्हणजे ‘रिकॉल’ जाहीर करते. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये इंधन पंपातील संभाव्य दोषासाठी वॅगन-आर आणि बलेनोच्या मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या. मार्च २०२४ मध्ये याच दोन मॉडेलच्या, ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या सुमारे १६ हजार गाड्यांसाठी पुन्हा तशीच घोषणा झाली. आज जुन्या बाजारात फिरणाऱ्या गाड्यांत या वर्षांच्या गाड्या आहेतच.

रिकॉलचे काम मोफत होते आणि ते गाडीशी जोडलेले असते, मालकाशी नाही. पण कंपनीचा निरोप तिच्या दप्तरी असलेल्या जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो. नव्या मालकाला पत्ताच नसतो. म्हणून चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावा. कधी कधी चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीचे मोफत काम बाकी असते आणि मालक मात्र गॅरेजमध्ये पैसे मोजत असतो.

ई-२० पेट्रोलचा जुन्या गाडीवर परिणाम होतो का?

पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची इंधन कार्यक्षमता ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. मोठी घट होत असल्याचे दावे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये फेटाळले. मात्र काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे मान्य केले. त्यामुळे मायलेज थोडे कमी मिळाले म्हणून विक्रेत्याने फसवले असे म्हणता येत नाही. उलट, इंधनाच्या नळीतून गळती होत असेल, तर ‘ई-२० मुळे होते’ या उत्तरावर समाधान मानून गाडी घेऊ नये.

कायद्याने जबाबदारी कोणाची?

उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे : गाडी कोणी विकली? व्यावसायिक विक्रेता किंवा कंपनीकडून घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. जुनी वस्तू नवी म्हणून विकणे, खोटी हमी देणे आणि बिल न देणे या तिन्ही गोष्टी या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरतात. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून गाडी घेतली असेल, तर तो व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा बंद असतो. मग उरतो करार कायद्याखाली दिवाणी दावा आणि उघड फसवणूक असेल तर पोलिसांत तक्रार. मध्यस्थ एजंट रोख पैसे घेतो आणि कागदावर विक्रेता म्हणून जुन्या मालकाचेच नाव ठेवतो, त्याचे एक कारण हेच आहे. बिलावर ज्याचे नाव नाही, त्याच्याविरुद्ध दाद मागणे कठीण जाते.

निर्माता कंपनीला यात आपोआप ओढता येत नाही. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून विकलेली फियाट पुंटो प्रत्यक्षात २००९ मध्ये बनलेली आणि सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली निघाली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ मधील निकालात न्यायालयाने विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली. पण टाटा मोटर्सला यातून मुक्त केले, कारण विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती होती, हे सिद्ध झाले नव्हते. म्हणजे तक्रार ज्याने शब्द दिला त्याच्याविरुद्ध हवी आणि तो शब्द कागदावर हवा.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांवर नियंत्रण आहे का?

आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये बदल झाला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार नोंदणीकृत जुनी वाहने विकणाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की त्याची ऑनलाइन सूचना द्यायची असते. त्यानंतर विक्री होईपर्यंत गाडीबाबतची जबाबदारी विक्रेत्याची. गाडी बाहेर काढल्यास कशासाठी, कोण चालवत होते, किती किलोमीटर, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणेही बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तुमचे आरटीओचे अधिकारपत्र दाखवा’ असे म्हणणे हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असायला हवा. मात्र या नियमांत गाडीच्या यांत्रिक स्थितीची सक्तीची तपासणी किंवा किमान हमी नाही. कागद शिस्तीत आले; इंजिनाचे काय, ते अजूनही ग्राहकावरच आहे.

नावबदल लांबवला तर काय होते?

मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी अर्ज क्रमांक २९ आणि ३० आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांत फिरली तरी भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. म्हणून विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ नव्या मालकाला मिळत नाही, हेही हिशेबात धरावे. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घेतली, तर आधीच्या चलानांचा वाद उरत नाही.

फसगत झालीच तर पुढे काय?

पहिली चूक टाळावी : लगेच दुरुस्ती करू नये. दोष आधी लिहून घ्यावा, फोटो-व्हिडीओ काढावेत आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल घ्यावा. इंजिन उघडून झाले की मूळ दोष कोणता, हे सिद्ध करणे अवघड जाते. मग विक्रेत्याला लेखी तक्रार द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे; तेथे अनेकदा तडजोडीने मार्ग निघतो.

तरीही न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोग. पनवेलकरांसाठी तो अलिबागला आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे गाडी पुण्याहून किंवा मुंबईहून घेतली तरी अडत नाही. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल, तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. तक्रारीसोबत जोडायला बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याशी झालेले व्हॉट्सॲप संभाषण आणि ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद लागते. हे सारे गोळा करण्याची वेळ गाडी बिघडल्यानंतरची नसून व्यवहाराच्या दिवसाची असते.