विझलेल्या तबकडीचे मोल

तिजोरीच्या तळाशी, जुन्या दस्तऐवजांखाली, आजोबांचे एखादे मनगटी घड्याळ अनेक घरांत निघते. त्याचे अंक व काटे एकेकाळी अंधारात हिरवट प्रकाशत. आज ते चहाच्या डागासारखे तपकिरी दिसतात. त्यातील रेडियम संपले, अशी सर्वसाधारण समजूत होते. ती चुकीची आहे आणि धोक्याचीही.

(वाहनांवरील चमकत्या पट्टीलाही आपल्याकडे ‘रेडियम’च म्हणतात, तिच्यात मात्र रेडियमचा अंशही नसतो.)

त्या रंगात अत्यल्प रेडियम व झिंक सल्फाइडची भुकटी असे. रेडियममधून निघणारे कण भुकटीवर आदळत आणि प्रकाश उत्पन्न होई. त्याच माऱ्याने भुकटीचे स्फटिक मोडत जातात, प्रकाश मंदावतो. रंग धरून ठेवणारे द्रव्यही कालांतराने पिवळे, मग तपकिरी पडते. रेडियम मात्र जवळजवळ तसेच राहते, कारण ते निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. घड्याळ दीर्घकाळ बंद राहिल्यास काट्यांखालची तबकडीही करपते, आणि काटे सरकवताच त्यांची छाया तेथे उमटलेली आढळते.

अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथे तरुण मुली हा रंग भरीत. ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकवले जाई. कित्येकींच्या जबड्याची हाडे सडली, काही दगावल्या. पाच जणींच्या दाव्यात १९२८ मध्ये तडजोड झाली. जुन्या घड्याळाचा भाव ठरवताना ही बाजू कोणी धरीत नाही.

पुढे ट्रिटियम आले. ते सुमारे १२.३ वर्षांत निम्मे होते, म्हणून ती घड्याळे खरोखरच विझली आहेत. त्यांच्या तबकडीवर तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंस बहुधा ‘टी’ हे रोमन अक्षर असते.

व्यवहाराची गोष्ट अशी की संग्राहक आज या तपकिरी छटेलाच अधिक दाम देतात. तबकडी नव्याने रंगवून ‘सुंदर’ केली की किंमत उतरते. साहजिकच, नवा रंग मुद्दाम मळकट करून विकणारेही निघाले आहेत. काटे व अंक यांच्या छटा जुळत नसतील, तर खरेदीदाराने निदान विचारणा करावी.

रेडियमचे घड्याळ घरी उघडू नये, रंग खरवडू नये. ती धूळ श्वासावाटे आत जाणे हाच मोठा धोका. अशी अनेक घड्याळे बंद कपाटात एकत्र असल्यास तेथे रेडॉन वायू साचतो. ती हवेशीर जागी ठेवावीत, आणि दुरुस्तीला देताना कारागिराला तबकडी रेडियमची असल्याचे आधी सांगावे.