विश्लेषण : जुनी स्पोर्टी गाडी पेट्रोल ‘पिते’, तेव्हा दोष शोधायचा कुठे?

सायलेन्सरमधून काळा धूर, गाडीमागे उभे राहिले की डोळ्यांची आग, थांबलेल्या गाडीला पेट्रोलचा वास आणि निम्म्यावर आलेले ॲव्हरेज. वीस-पंचवीस वर्षे जुनी पेट्रोल गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांना ही तक्रार परिचित आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून २००१ मध्ये बाहेर पडलेली फियाट पॅलिओ १.६, गोव्यात बनलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म, कोणाच्या अंगणातली काँटेसा किंवा प्रीमियर पद्मिनी, अशा गाड्यांचे शौकीन जालन्यासारख्या जिल्ह्यातही आहेत. समृद्धी महामार्ग झाल्यापासून त्यांना गाडी मोकळी पळवायला रस्ताही मिळाला आहे. मात्र गाडी पेट्रोल पिऊ लागली की एकेक पार्ट बदलत जाणे हाच उपाय समजला जातो. प्लग बदलतात, सेन्सर बदलतात, कार्बोरेटर बदलतात आणि धूर तसाच राहतो. खरे तर दोष दाखवणारे यंत्र प्रत्येक तालुक्यात आहे. त्याचे नाव पीयूसी केंद्र. आपण मात्र तिथून फक्त कागद आणतो.

‘रिच’ म्हणजे नेमके काय?

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे नऊ ते दहा हजार लिटर हवा. या प्रमाणापेक्षा पेट्रोल जास्त किंवा हवा कमी झाली की मिश्रण ‘रिच’ होते. जादा पेट्रोल अर्धवट जळून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. प्लग कोरडा काळा पडतो. सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो अति तापून निकामी होतो. त्यामुळे नुकसान केवळ पेट्रोलचे नसते, आयुष्य इंजिनचे कमी होते.

धुराचा रंग ही पहिली खूण. काळा धूर पेट्रोलचा, निळसर धूर ऑइलचा. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याची शंका घ्यावी. निळ्या धुरावर कार्बोरेटर खोलण्यात अर्थ नाही.

जालन्याची हवा आणि नवे पेट्रोल

जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. कार्बोरेटरला हे कळत नाही. त्यामुळे मुंबईत सेट केलेली गाडी इथे दोन-तीन टक्के रिच चालते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा आणखी विरळ होते आणि मिश्रण तितकेच आणखी घट्ट.

आता दुसरी बाजू. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला बाहेरची हवा कमी पुरते. जुने जेट तेच ठेवले तर हे इंधन मिश्रणाला साधारण आठ टक्के ‘लीन’ करते. म्हणजे उंची आणि उन्हाळा गाडीला जेवढे रिच करतात, त्यापेक्षा जास्त इथेनॉल तिला लीन करते.

यातून निदानाचा एक सरळ नियम निघतो. कार्बोरेटरची गाडी आजच्या पेट्रोलवरही काळा धूर मारत असेल, तर हवेला किंवा इंधनाला दोष देऊ नका. कुठेतरी यांत्रिक बिघाड आहे. उलट धूर नाही, प्लग स्वच्छ आहे आणि फक्त ॲव्हरेज थोडे घटले असेल, तर ती गाडी रिच नसण्याचीच शक्यता जास्त. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. अशा गाडीचे मिश्रण आणखी कमी करणे म्हणजे इंजिन तापवणे होय.

इथेनॉलचा एक आडवळणाचा परिणाम मात्र आहे. जुने रबर त्याने फुगते किंवा चिरते. काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केले. फ्लोटची सुई नीट बसली नाही की पेट्रोल ओसंडते आणि गाडी खरोखर रिच होते.

तपासाचा क्रम कोणता?

स्वस्तापासून महागाकडे जावे. कार्बोरेटरच्या गाडीत आधी एअर फिल्टर पाहावा. आपल्याकडची धूळ पाहता तो कंपनीच्या वेळापत्रकाआधीच तुंबतो. मग चोकची केबल पूर्ण परत जाते का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, सुई गळते का, आणि मागच्या कोणी मोठा जेट तर बसवला नाही ना, हे क्रमाने पाहावे. पिकअप वाढवण्याच्या हौसेपोटी बदललेला जेट हे जुन्या स्पोर्टी गाड्यांचे नेहमीचे दुखणे आहे.

इंजेक्शनच्या गाडीत पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. ‘आपल्याकडे ऊन जास्त, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही’ हा सल्ला मराठवाड्यात सर्रास मिळतो. पण थर्मोस्टॅट नसला की महामार्गावर, विशेषतः हिवाळ्यात, इंजिन पुरेसे गरमच होत नाही. गाडीच्या संगणकाला वाटते इंजिन अजून थंड आहे आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बिघडला तरी हेच घडते. याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी स्कॅनर लावा. कूलंट आणि बाहेरची हवा यांचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे.

पुढचा क्रम फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा. त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोल आढळले तर आतला पडदा फाटला आहे. त्यानंतर गळणारे इंजेक्टर; गरम गाडी पुन्हा सुरू होताना त्रास देते, ही त्यांची खूण. ऑक्सिजन सेन्सर सर्वात शेवटी. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचा पाइप फुटला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन भासते आणि संगणक पेट्रोल वाढवतो. इथे वेल्डिंगने सुटणाऱ्या दोषासाठी नवा सेन्सर विकत घेतला जातो.

पीयूसीचे आकडे काय सांगतात?

पीयूसीच्या कागदावर दोन आकडे असतात, कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ती अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम.

हे आकडे जोडीने वाचायचे असतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण रिच आहे. तो कमी आणि हायड्रोकार्बन मात्र जास्त असेल, तर गाडी ‘मिसिंग’ मारते आहे. प्लग, वायर, कॉइल किंवा व्हॉल्व्ह पाहावा. दोन्ही कमी असतील तर कार्बोरेटरला हात लावू नये. चिकटलेले ब्रेक, घसरणारा क्लच, टायरमधली कमी हवा हीदेखील पेट्रोल खातात.

आणखी एक गोष्ट. नेहमीची चाचणी जुन्या गाड्यांत फक्त आयडलिंगवर होते. गॅरेजवाल्याला सोबत नेऊन दुसरे रीडिंग २५०० आरपीएमवर घ्यायला सांगावे. आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर कमी झाले तर दोष आयडल स्क्रू, फ्लोट किंवा गळक्या इंजेक्टरकडे. रेसबरोबर वाढले तर मेन जेट, फिल्टर किंवा इंधनाच्या दाबाकडे. भारत स्टेज चारच्या आधीच्या अनेक गाड्यांना साधा स्कॅनर लागत नाही. त्यांच्यासाठी तर हेच यंत्र डॉक्टरचा स्टेथोस्कोप आहे.

कागद नको, रीडिंग हवे

जुन्या मिस्त्रींच्या कानाला आणि नाकाला कमी लेखण्याचे कारण नाही. प्लगचा रंग पाहून कार्बोरेटर अचूक लावणारे हात आजही आहेत. पण त्यांच्या अंदाजाची खातरजमा करणारे यंत्र शेजारी असताना ते न वापरणे हा ग्राहकाच्या पैशाचा अपव्यय आहे. त्याहून वाईट म्हणजे पीयूसीपुरता स्क्रू आवळून नंतर तो पुन्हा सैल करणे, किंवा गाडी न दाखवताच दाखला घेणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार प्रदूषण मर्यादेच्या भंगाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड चुकला तरी धूर आपल्याच गल्लीत राहतो.

परिवहन विभागाला इथे फार खर्च न करता पुष्कळ करता येईल. दाखल्यावर ‘पास’ किंवा ‘नापास’ एवढ्यावर न थांबता आकड्यांचा अर्थ मराठीत एका ओळीत छापावा आणि जुन्या गाड्यांसाठी वाढीव आरपीएमचे रीडिंग सुरू करावे. मालकानेही एक शिस्त पाळावी. दुरुस्तीच्या आधी एक रीडिंग, नंतर एक, आणि दोन्ही कागद गाडीच्या फाइलला. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीला उभी राहतेच. तिथे ती निर्धास्त उभी राहावी असे वाटत असेल, तर पार्टचे बिल भरण्याआधी रीडिंग मागा.