हलकी चांदी

मागच्या जूनमध्ये आईने आजीचे पायातले तोडे गुजरीतल्या एका पेढीवर ठेवले. सराफाने ते कसाला लावले नि म्हणाला, “हलकी चांदी. मोडीतच जाईल.” माझी फी त्या मोडीवर भरायची होती. आईने तोडे मुकाट्याने परत पदरात बांधले.

तिने केले तेच बरोबर, असे माझे मत आहे. (हलके हा शब्द आपल्याकडे धातूपुरता कुठे राहतो!) निव्वळ चांदी मऊ असते, हुपरीचा कोणताही कारागीर सांगेल की तांबे मिसळल्याशिवाय दागिना टिकत नाही. ९२५ टंचाच्या चांदीतही हजारात ७५ भाग दुसरा धातूच. आजीच्या तोड्यांत तो जास्त, म्हणूनच ते भातलावणीच्या चिखलात टिकले.

मी मात्र उत्साहाने ते रांगोळीने घासले. वरचा पांढरा थर गेला, आतला तांबूसपणा डोकावला. तो आता परत येणार नाही. मित्रहो, रिठ्याचे कोमट पाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडे फडके, एवढेच पुरे. खाचांतला काळेपणा गंधकामुळे येतो. तो राहू द्यावा, त्यानेच नक्षी उठून दिसते.

फीचा दुसरा हप्ता अजून बाकी आहे. तोडे पेटीत आहेत.