शिक्षण संपलं, आता जग फिरायचंय. पण भंडाऱ्याच्या पोरांचा व्हिसा अडतो कुठे?

समजा, तुम्ही लाखनीचे आहात. एम.एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन झालाय. पुढे सेट-नेट, एमपीएससी, बी.एड., पोलीस भरती यातलं काहीतरी करायचंच आहे. पण त्याआधी दोन-तीन महिने, जमलंच तर वर्षभर, बाहेरचा देश बघून यायचाय. घरी विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फिरायले? अन् नोकरीचं काय?"

घरच्यांची समजूत एकवेळ काढता येते. पण हाच प्रश्न वेगळ्या भाषेत व्हिसा अधिकारीही विचारतो, आणि त्याला तोंडी उत्तर चालत नाही. त्याला कागद लागतो.

अडचणीचं मूळ इथेच आहे. शिक्षण संपल्यावरचे काही महिने म्हणजे आयुष्यातला सगळ्यात मोकळा काळ. नोकरी नाही, लग्न नाही, हप्ते नाहीत. पण व्हिसाच्या फॉर्मवर ही प्रत्येक 'नाही' उणे गुणांसारखी मोजली जाते. त्यात घर शेतकऱ्याचं असेल तर आणखी एक पेच पडतो, तो पुढे बघू.

व्हिसा अधिकाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

सोप्या शब्दांत सांगायचं तर तुम्ही परत येणार याचा पुरावा.

अमेरिकेच्या कायद्यात ही गोष्ट उघडच लिहिली आहे. तिथल्या इमिग्रेशन कायद्यातलं २१४(ब) हे कलम असं गृहीत धरतं की, पर्यटक व्हिसा मागणारा माणूस मुळात कायमचा राहायलाच येतोय. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. मुलाखतीसाठी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून विदर्भ एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची, आणि खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला दोन-तीन मिनिटांत पटवायचं की आपलं सगळं काही भंडाऱ्यात आहे. अर्जाची फी १८५ डॉलर. नकार आला तरी ती परत मिळत नाही.

युरोपचं गणितही फारसं वेगळं नाही. शेंगेन व्हिसा नाकारताना जो छापील फॉर्म हातात ठेवतात, त्यात कारणांची यादी असते आणि योग्य त्या चौकटीत खूण केलेली असते. मुदत संपण्याआधी तुम्ही देश सोडाल याबद्दल वाजवी शंका आहे, हे त्यातलं एक कारण. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून जास्त अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे साधारण सातातला एक. त्या वर्षीच्या जूनपासून फी ९० युरो झाली आहे, म्हणजे आपले नऊ हजार रुपये तरी धरा. सेवा केंद्राचं शुल्क वेगळं.

आता या शंकेला उत्तर कोण कसं देतं ते बघा. नोकरदार माणूस पगाराच्या स्लिपा आणि साहेबांनी दिलेलं रजेचं पत्र जोडतो. विद्यार्थी कॉलेजचं बोनाफाईड जोडतो. ज्याचं कॉलेज मे महिन्यात संपलं आणि ज्याला नोकरी अजून लागायची आहे, त्याने काय जोडायचं? फॉर्ममध्ये 'सध्याचा व्यवसाय' असा रकाना असतो. तिथे 'पदव्युत्तर शिक्षण पूर्ण' असं लिहिलं, तरी वाचणारा ते 'बेरोजगार' असंच वाचतो.

'नोकरी सोडली आणि निघाले' अशी रील तुम्हीही शेकड्याने बघितली असतील. त्या रीलमध्ये समुद्र दिसतो, बॅकपॅक दिसते. तीन वर्षांचे आयटीआर दिसत नाहीत.

धानाचा पैसा आणि बँकेचं स्टेटमेंट

भंडारा धानाचा जिल्हा. इथल्या बहुतेक शेतकरी घरांत मोठी रक्कम वर्षातून एकदा येते, उन्हाळी धान असेल तर दोनदा. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मळणी, मग खरेदी केंद्रावर मोजणी आणि त्यानंतर चुकाऱ्याची वाट. चुकारे खात्यात आले की दुसऱ्याच आठवड्यात ते सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि घरातल्या कार्यक्रमांकडे वळतात. आमच्याकडे हा व्यवहार इतका नेहमीचा आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

व्हिसा अधिकाऱ्याला मात्र वाटतं. त्याच्या टेबलावर आलेलं स्टेटमेंट असं असतं: आठ महिने दोन-पाच हजारांची ये-जा, मग एके दिवशी अचानक लाख-दीड लाख जमा, आणि पंधरा दिवसांत पुन्हा सगळं रिकामं. दर महिन्याला पगार पडणाऱ्या खात्याशी तुलना केली तर हे खातं संशयास्पद दिसतं. अर्जापुरते उसने पैसे आणून खात्यात ठेवणारे लोक असतात, आणि त्यांची स्टेटमेंटही अशीच दिसतात. खरा शेतकरी आणि बनाव करणारा, दोघांचा कागद सारखाच.

दुसरी गोष्ट आयटीआरची. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, त्यामुळे निव्वळ शेती करणाऱ्या घरात कुणी रिटर्न भरतच नाही. यात बेकायदा काहीच नाही. पण दूतावासांच्या कागदपत्रांच्या यादीत आयटीआर असतोच. तो नसेल तर का नाही, हे अर्जदारालाच पत्र लिहून समजवावं लागतं.

तिसरी गोष्ट, जमीन. सातबाऱ्यावर नाव वडिलांचं, बहुतेकदा आजोबांचं किंवा चार भावांचं सामाईक. पोरगा-पोरगी त्या जमिनीचे वारस असले तरी कागदोपत्री त्यांच्या नावावर काही नसतं. "माझं मूळ इथेच आहे" हे वाक्य खरं असतं, पण त्याला कागदाचा आधार नसतो.

यावर उपाय आहेत, पण ते कुणी सांगत नाही. कर लागत नसला तरी वडिलांना स्वेच्छेने रिटर्न भरता येतो आणि त्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवता येतं. खरेदी केंद्राच्या पावत्या जपून ठेवल्या, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेतला, सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि 'ही रक्कम धानाच्या विक्रीची आहे, या तारखेला या पावतीवर आली' असं एका पानात लिहून जोडलं, तर तेच स्टेटमेंट वेगळं वाचलं जातं. व्हिसा मिळेलच असं नाही. पण निदान चुकाऱ्याची रक्कम उसनवारीची वाटणार नाही.

फिरण्यासाठीच व्हिसा, असं काही असतं का?

आपल्याकडे शिकायला परदेशी जाणं कळतं. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. याच बाबासाहेबांना १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने पाडलं होतं, हेही जाता जाता आठवलेलं बरं. आजही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा आहेत ७५, त्याही अख्ख्या राज्यासाठी. पण शिकून झाल्यावर नुसतं जग बघायला, थोडं काम करत राहायला जायचं असेल तर? त्यासाठी पैसे कुणी देत नाही, पण गेल्या काही वर्षांत दोन दरवाजे उघडले आहेत.

पहिला ब्रिटनचा, यंग प्रोफेशनल्स स्कीम. २०२३ मध्ये ही योजना सुरू झाली. वय १८ ते ३०, किमान पदवी, वर्षाला ३,००० भारतीय. दोन वर्षं राहायचं. नोकरी करा, फिरा, हवं तर दोन्ही. आधी कुठल्या कंपनीचं पत्र लागत नाही. निवड लॉटरीने होते, तिला बॅलट म्हणतात. ब्रिटिश सरकारच्या वेबसाईटवर ती मोजक्या तासांसाठीच उघडते. २०२५ मध्ये फेब्रुवारी आणि जुलैमध्ये उघडली होती. नाव टाकायला एक पैसाही लागत नाही. 'बॅलटमध्ये नाव लावून देतो' म्हणत पैसे मागणारा एजंट तुम्हाला फसवतोय, एवढं लक्षात ठेवा.

नाव लागलं की खर्च सुरू. २०२५ च्या दरांप्रमाणे व्हिसा फी ३१९ पाउंड आणि दोन वर्षांचं आरोग्य शुल्क १,५५२ पाउंड. शिवाय स्वतःच्या खात्यात २,५३० पाउंड सलग २८ दिवस असले पाहिजेत. मध्ये एक दिवस जरी रक्कम त्याखाली गेली तरी मोजणी बिघडते. पाउंड ११५ रुपयांना धरला तर फी आणि शुल्क मिळून सव्वादोन लाखांच्या जवळ जातं आणि खात्यात पडून ठेवायची रक्कम होते २ लाख ९१ हजार.

ही रक्कम धानात मोजून बघू. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव आहे क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे नुसती शिल्लक दाखवायला सुमारे १२३ क्विंटल धान विकावं लागेल. एकरी १५ क्विंटल धरले तर आठ एकरांचं पीक. तेही एकूण विक्रीचं, नफ्याचं नाही. आणि एवढा पैसा २८ दिवस हात न लावता ठेवायचा, ज्या घरात चुकारे आले त्याच दिवशी सोसायटीचा माणूस दारात उभा असतो.

दुसरा दरवाजा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या वर्क अँड हॉलिडे व्हिसामध्ये भारतीयांसाठी वर्षाला १,००० जागा आहेत. इथेही वय १८ ते ३० आणि इथेही लॉटरी, फक्त नोंदणीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा नोंदणी उघडली, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार अर्ज आले. खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, परतीच्या तिकिटाचे पैसे आणि इंग्रजी येत असल्याचा पुरावा हवा.

या व्हिसाची एक अट मजेशीर आहे. पहिल्या वर्षानंतर मुक्काम वाढवायचा असेल तर तिथल्या ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक प्रकारचं काम करावं लागतं, आणि त्यात शेतीचं काम येतं. रोवणीला कंटाळून पदवी घेतलेल्या पोराने ऑस्ट्रेलियात जाऊन फळं तोडायची आणि त्याला 'अनुभव' म्हणायचं. मला यात कमीपणा वाटत नाही. तिथे त्या कामाला तासाप्रमाणे ठरलेली मजुरी मिळते, इथल्या बांधावर आपल्याच घरच्या माणसाला ती कुणी देत नाही.

आणि जिथे व्हिसाच लागत नाही, तिथे?

सगळ्यात जवळचा परदेश नेपाळ. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, पुढे सोनौलीची सीमा, आणि तिथून लुंबिनी जवळच. विदर्भातून निघणाऱ्या बौद्ध तीर्थस्थळांच्या सहलींमुळे हा रस्ता आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. प्रौढांसाठी आधार कार्ड चालत नाही, हे मात्र अनेकांना सीमेवर गेल्यावर कळतं. पण ही सीमा खुली असल्यामुळे पायी ओलांडली तर पासपोर्टवर शिक्का पडत नाही. म्हणजे तुम्ही परदेशी जाऊन वेळेवर परत आलात, याची नोंदच कुठे उरत नाही.

नोंद हवी म्हणून अनेक जण आधी थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम करतात. २०२३ च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो. पासपोर्टवर दोन-तीन शिक्के असले आणि माणूस प्रत्येक वेळी मुदतीत परत आलेला दिसला, की पुढचा अर्ज थोडा हलका होतो. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे रील बघून नाही तर त्या देशाच्या अधिकृत साईटवर बघूनच तिकीट काढा.

धोकाही याच रस्त्यावर जास्त आहे. "बँकॉकला डेटा एंट्रीचं काम, तिकीट कंपनीचं, व्हिसाची कटकट नाही" असे मेसेज टेलिग्रामवर फिरत असतात. थायलंडमध्ये पर्यटक म्हणून उतरलेल्या तरुणांना तिथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलं जातं आणि पासपोर्ट काढून घेतला जातो. मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांवरून सुटलेल्या २८३ भारतीयांना थायलंडच्या माए सोतमधून हवाई दलाच्या विमानाने परत आणावं लागलं. ज्याला युरोपने 'तू परत जाणार नाहीस' म्हणून नाकारलं, त्याला इथे परत येऊ द्यायचं नाही म्हणून घेऊन जातात. नोकरीची ऑफर असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी तपासा. आणि व्हिसामुक्त प्रवेशावर काम करायची परवानगी नसते, म्हणजे 'व्हिसाची कटकट नाही' असं म्हणणारी नोकरी तिथेच खोटी ठरते.

मग सुरुवात कुठून करायची?

शेवटच्या सेमिस्टरला. पासपोर्टचा अर्ज तेव्हाच टाका. ३६ पानांच्या पासपोर्टची नेहमीची फी १,५०० रुपये आहे. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की इमिग्रेशन तपासणीच्या शिक्क्यातून सूट मिळते. स्वतःच्या नावाचं वेगळं बचत खातं उघडा आणि त्यात दर महिन्याला थोडी का होईना रक्कम टाकत जा. शिकवणीचे पैसे, स्टायपेंड, काहीही. निकाल लागला की तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र ताबडतोब मागून घ्या, पदवीदान समारंभाची वाट बघू नका.

आणि ब्रिटनचा विचार असेल तर घरी बसून एक हिशेब आधीच करा. फेब्रुवारीच्या बॅलटमध्ये नाव लागलं, तर अर्जाच्या मुदतीत ते पैसे २८ दिवस खात्यात बसून झालेले असले पाहिजेत. खरिपाचे चुकारे कधी येतील, यावर ते अवलंबून राहील. तेव्हा पहिली बोलणी वडिलांशी नाही, तर सोसायटीच्या सचिवाशी करावी लागतील: हप्ता महिनाभर पुढे ढकलता येईल का?